शासकीय निधीतील संशोधन आणि शोधकर्त्याचे स्थान : २००८ च्या विधेयकाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

शासकीय निधीतून निर्माण होणाऱ्या बौद्धिक संपदेचे संरक्षण आणि उपयोजन यांसंबंधीचे विधेयक १५ डिसेंबर २००८ रोजी राज्यसभेत मांडले गेले. ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. समितीने २०१० मध्ये आपला अहवाल दिला. त्यानंतर मात्र विधेयकाचे कायद्यात रूपांतर झाले नाही. जे विधेयक कायदा होऊ शकले नाही त्याची चिकित्सा आज कशासाठी करावयाची, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. विधेयक मागे पडले, तरी त्यामागची विचारसरणी मागे पडली नाही, हे त्याचे उत्तर होय. विद्यापीठांची बौद्धिक संपदा धोरणे, विद्यार्थी व अध्यापकांसाठी २०१९ मध्ये आलेले राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण, प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी पेटंटला दिले जाणारे गुण, या सर्वांत शोधकर्त्याच्या हक्काची आणि दायित्वाची तीच कल्पना गृहीत धरलेली दिसते. म्हणून त्या संहितेकडे पुन्हा एकदा बारकाईने पाहणे आवश्यक ठरते.

विधेयकाची रचना

विधेयकाचा गाभा थोडक्यात असा. शासनाच्या अनुदानावर काम करणाऱ्या संशोधकाने एखादा शोध लावला की तो त्याने तत्काळ आपल्या संस्थेस कळवावा. संस्थेने माहिती मिळाल्यापासून ६० दिवसांत शासनास कळवावे आणि त्यापुढील ९० दिवसांत कोणकोणत्या देशांत आपण मालकी राखू इच्छितो हे सांगावे. संस्थेने तसे केले नाही तर मालकी शासनाकडे जावी. शोधापासून मिळणाऱ्या निव्वळ उत्पन्नातील किमान ३० टक्के हिस्सा शोधकर्त्यास मिळावा. मालकीसाठी अर्ज होईपर्यंत शोध जाहीर करू नये. आणि या तरतुदींचा भंग झाल्यास दंड व्हावा.

वरवर पाहता ही रचना न्याय्य वाटते. शोधकर्त्यास हिस्सा मिळतो, संस्थेस मालकी मिळते आणि शासनास माहिती मिळते. परंतु या मांडणीत एक पक्ष कोठेच नाही. ज्याच्या करातून हे अनुदान उभे राहिले त्या नागरिकास शोध कोणत्या किमतीस आणि केव्हा उपलब्ध होईल, याविषयी विधेयकात ठोस असे काही नाही. शोधकर्त्याचा हक्क म्हणजे उत्पन्नातील टक्केवारी आणि त्याचे दायित्व म्हणजे वेळेत दिलेली कबुली, एवढ्यावरच ही संहिता थांबते. हक्क पैशात मोजला गेला आणि दायित्व दिवसांत.

या विधेयकाचा आदर्श अमेरिकेतील १९८० चा बे-डोल कायदा होता. त्या कायद्यामागे एक व्यावहारिक अडचण होती. तेथील केंद्र शासनाच्या नावावर सुमारे २८,००० पेटंट जमा झाले होते आणि त्यांपैकी ५ टक्क्यांहून कमी पेटंट उद्योगांनी परवान्याने घेतले होते, असे त्या वेळी सांगितले जाई. विद्यापीठांना मालकी दिली तर ती स्वतःच उद्योग शोधतील, असा तर्क त्यापाठी होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. औषधासारख्या क्षेत्रात चाचण्यांवर मोठा खर्च करणाऱ्या कंपनीस काही काळ एकाधिकार हवा असतो, हे नाकारून चालणार नाही. तथापि त्याच कायद्यात एक राखीव अधिकार होता. परवानाधारकाने शोध वापरातच आणला नाही किंवा सार्वजनिक आरोग्याची गरज भागवली नाही, तर निधी देणाऱ्या शासनाने हस्तक्षेप करून दुसऱ्यास परवाना द्यावा, असा तो अधिकार. पहिल्या चाळीस वर्षांत तो एकदाही बजावला गेला नाही, ही गोष्ट वेगळी. पण तो कायद्यात लिहिलेला होता. आपल्याकडील मसुदाकारांनी बे-डोलची मालकीची बाजू घेतली आणि लोकहिताची बाजू पुसट केली, हा विधेयकावरील मुख्य आक्षेप आहे.

मालकीच्या बाजूविषयीही अमेरिकेत जे पुढे घडले ते बोधप्रद आहे. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ विरुद्ध रोश या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शासकीय निधी मिळाला एवढ्याच कारणाने शोधाची मालकी आपोआप विद्यापीठाकडे जात नाही. शोध प्रथम शोधकर्त्याचा असतो; त्याने तो लेखी हस्तांतरित करावा लागतो. त्या प्रकरणात संशोधकाने विद्यापीठाशी केलेल्या करारात 'हस्तांतरित करीन' असे शब्द होते, तर खासगी कंपनीत काम करताना सही केलेल्या कागदावर 'याद्वारे हस्तांतरित करीत आहे' असे होते. केवळ क्रियापदाच्या काळामुळे बाजू फिरली. नियुक्तिपत्राच्या मागील पानावरील अटी न वाचता सही करणाऱ्या प्राध्यापकांनी हा खटला लक्षात ठेवावा.

भारतातील स्थिती याहून फार वेगळी नाही. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ६ नुसार अर्जाचा अधिकार खऱ्या व प्रथम शोधकर्त्यास किंवा त्याने ज्यास हक्क दिला त्यास आहे. कॉपीराइट कायद्यात नोकरीच्या ओघात झालेल्या लेखनाचा पहिला स्वामी कोण याचे उत्तर आहे; पेटंट कायद्यात नोकराच्या शोधाविषयी तसे उत्तर नाही. ते करारावर आणि संस्थेच्या धोरणावर सोपवलेले आहे. २०१९ च्या राष्ट्रीय धोरणाने संस्थेची साधने व निधी भरीव प्रमाणात वापरल्यास शोध संस्था आणि शोधकर्ता या दोघांच्या संयुक्त मालकीचा मानावा, असे सुचवले आहे. हे २००८ च्या विधेयकापेक्षा पुढचे पाऊल आहे. पण संयुक्त मालकीत निर्णय कोणाचा आणि किंमत कोण ठरवणार, हे तेथेही बहुतांशी मोघमच राहते.

एका लसीचे पेटंट

या प्रश्नाचा कस लागला तो पुण्यात. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२० मध्ये कोरोना विषाणू वेगळा केला आणि त्याचा एक उपप्रकार हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीस दिला. त्यातून कोव्हॅक्सिन ही लस तयार झाली. ३ जानेवारी २०२१ रोजी तिला आपत्कालीन वापराची अनुमती मिळाली. लसीवर परिषदेने सुमारे ३५ कोटी रुपये खर्च केल्याचे आणि निव्वळ विक्रीवर ५ टक्के स्वामित्वधन परिषदेस मिळणार असल्याचे शासनाने संसदेत सांगितले. कराराचे काही भाग लोकांना कळले ते अशा उत्तरांतून.

टक्केवारीच्या दृष्टीने पाहिले तर येथे २००८ च्या विधेयकाची भाषा जवळजवळ पूर्ण झाली होती. सार्वजनिक संस्थेस वाटा मिळाला. परंतु एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट भरात असताना राज्यांसाठी या लसीचा दर प्रथम ६०० रुपये जाहीर झाला, तो पुढे ४०० वर आला. खासगी रुग्णालयांसाठी तो १,२०० रुपये होता. राज्य शासनाच्या मालकीच्या मुंबईतील हाफकिन महामंडळास या लसीच्या उत्पादनाची अनुमती मिळाली, तीही त्याच महिन्यात. विषाणू सार्वजनिक प्रयोगशाळेतून गेला तेव्हाच दुसऱ्या सार्वजनिक कारखान्यास ही मुभा करारात लिहिता आली असती. ५ टक्के मिळवणाऱ्या करारात ही एक अट बसवणे अवघड होते, असे म्हणता येणार नाही.

याहून मार्मिक प्रसंग २०२४ चा. कंपनीने केलेल्या पेटंट अर्जात परिषदेचा उल्लेख नसल्याचे उघड झाले. जून २०२४ मध्ये कंपनीने ही अनवधानाने झालेली चूक असल्याचे सांगून परिषदेस सहस्वामी म्हणून समाविष्ट करण्याची प्रक्रिया सुरू केली. चूक दुरुस्त होत गेली, हे चांगले झाले. पण चार वर्षे ती कोणाच्या लक्षात कशी आली नाही? पेटंट कायद्याच्या कलम २८ अन्वये शोधकर्त्यास आपले नाव पेटंटमध्ये नमूद करून घेण्याचा हक्क आहे. त्या उल्लेखाने मालकी मिळत नाही किंवा पैसाही मिळत नाही. केवळ नाव राहते. संशोधकाचा हा सर्वांत जुना हक्क आहे, आणि टक्केवारीच्या चर्चेत तो सर्वांत आधी विसरला जातो. स्वामित्वधनाची रक्कम हिशेबात येत असल्याने कोणी तरी तिच्यावर लक्ष ठेवते. नावावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी संस्थेत कोणाकडेही नसते.

ज्या महामंडळास ही अनुमती मिळाली त्याच्या नावामागे शोधकर्त्याच्या दायित्वाची एक कथा आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर वाल्डेमार हाफकिन हे शासकीय सेवेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ तेथे आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील खोल्यांत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. लसीच्या मालकीचा प्रश्न त्यांनी काढला नाही. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी ही लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष प्रयोगशाळेचा की गावात बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीपणाचा, हा वाद वर्षानुवर्षे चालला. हाफकिन यांना मात्र पदावरून दूर व्हावे लागले. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. हक्क कोणताही नसताना दायित्व मात्र सगळे एका माणसावर, असे हे उदाहरण. २००८ च्या विधेयकात दंड आहे तो माहिती न दिल्याबद्दल. शोध फसला, त्याने अपाय केला, तर शोधकर्ता, संस्था आणि परवानाधारक यांच्यात जबाबदारी कशी वाटली जावी, याचा विचार त्यात आढळत नाही. मुल्कोवालच्या घटनेनंतर एका शतकाने लिहिलेल्या संहितेकडून ही अपेक्षा गैरवाजवी ठरू नये.

निफाडचा गहू

औषधाच्या उदाहरणात पैसा मोठा असल्याने वाद दिसतो. जेथे पैसा दिसत नाही तेथे विधेयकाची मर्यादा अधिक स्पष्ट होते, आणि असे उदाहरण नाशिक जिल्ह्यातच आहे. थंडीच्या दिवसांत पारा किती उतरला या बातमीसाठी निफाडचे नाव दरवर्षी वृत्तपत्रांत येते. तेथील कृषी संशोधन केंद्राचे नाव क्वचितच येते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने गव्हाचे अनेक वाण दिले. त्यांपैकी एनआयएडब्ल्यू ३०१ हा 'त्र्यंबक', एनआयएडब्ल्यू ९१७ हा 'तपोवन', एनआयडीडब्ल्यू २९५ हा 'गोदावरी' आणि एनआयडीडब्ल्यू १५ हा 'पंचवटी' म्हणून ओळखला जातो. पहिले दोन सरबती, पुढचे दोन बन्सी. नाशिकचा नकाशाच जणू बियाण्याच्या पिशव्यांवर छापला गेला आहे. एकाही वाणाच्या नावात पैदासकाराचे नाव नाही.

असा एक वाण तयार होतो कसा, हे पाहिले की विधेयकातील 'बौद्धिक संपदा निर्माता' ही एकवचनी कल्पना किती अपुरी आहे ते कळते. संकर एका पैदासकाराने करावा, पुढील पिढ्यांतील निवड दुसऱ्याने करावी, तोवर पहिल्याची बदली झालेली असावी. तांबेऱ्याच्या चाचण्या वनस्पतिरोगशास्त्रज्ञ घेतात. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या चाचण्या अनेक राज्यांत होतात. शेतावरील प्रात्यक्षिके शेतकरी स्वतःच्या जमिनीत घेतात. केंद्रावर कणसे निवडणाऱ्या मजुरास कोणते रोप बाजूला ठेवायचे याची जाण पदवीधराइतकीच असते. कांद्याचे उदाहरण याहून बोलके आहे. पिंपळगाव बसवंत येथे विकसित झालेला 'बसवंत ७८०' हा वाण स्थानिक कांद्यातून निवड पद्धतीने निघाला. ते स्थानिक बियाणे पिढ्यान्‌पिढ्या कोणी राखले, हे सांगण्याची गरज नाही. तीस टक्के यांतील कोणास द्यावयाचे? आणि ज्या बियाण्यापासून विद्यापीठास मोठे उत्पन्न अपेक्षितच नाही त्याचे तीस टक्के तरी किती?

आश्चर्य हे की याच संसदेने सात वर्षे आधी या प्रश्नांची बरीचशी उत्तरे दिली होती. पेटंट कायद्याच्या कलम ३ प्रमाणे वनस्पती आणि बियाणे यांवर पेटंट मिळत नाही. त्यांच्यासाठी पिकांच्या वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क अधिनियम, २००१ आहे. त्यात पैदासकारास पिकांसाठी १५ वर्षे आणि वृक्ष व वेलींसाठी १८ वर्षे संरक्षण मिळते. परंतु त्याच कायद्याच्या कलम ३० ने दुसऱ्या संशोधकास तो वाण पुढील संशोधनासाठी वापरण्याची मोकळीक दिली आहे. कलम ३९ ने शेतकऱ्यास बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. आणि सांगितलेले गुण वाणाने दाखवले नाहीत तर भरपाई मागण्याचाही. कलम २६ मध्ये मूळ वाण राखणाऱ्यांना लाभातील वाटा आहे. तीन वर्षांत बियाणे वाजवी दरात मिळाले नाही तर कलम ४७ अन्वये दुसऱ्यास सक्तीचा परवाना मागता येतो. हक्कास जोडून दायित्व आणि दायित्वास जोडून उपाय, अशी ही बांधणी आहे. २००८ च्या मसुदाकारांपुढे बे-डोल होता. स्वतःच्या संसदेचा कायदा त्यांना आदर्श म्हणून दिसला नाही.

तथापि २००१ चा कायदाही निर्दोष नाही. त्यात पैदासकाराच्या व्याख्येत व्यक्ती, शेतकरी आणि संस्था असे सर्व येतात. कृषी विद्यापीठाच्या बाबतीत व्यवहारात पैदासकार म्हणजे विद्यापीठ. निफाडच्या शेतात पंधरा-वीस वर्षे घालवणाऱ्या शास्त्रज्ञासाठी त्या कायद्यात नावाच्या हक्काची स्वतंत्र तरतूद नाही. एका संहितेने शोधकर्त्यास भागीदार केले आणि दुसरीने त्याला संस्थेत विरघळून टाकले. दोहोंचे तुलनात्मक वाचन केल्यास पहिलीतून नाव आणि दुसरीतून वापराचे दायित्व घ्यावे लागेल, असे दिसते.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांमुळे या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली आहे. अलीकडच्या वर्षांत जिल्ह्यातील काही उत्पादकांनी परदेशी पैदासकारांचे संरक्षित वाण परवाना घेऊन लावले आहेत. निर्यातीची बाजारपेठ त्यांना तसे करण्यास भाग पाडते. त्यामुळे सार्वजनिक संस्थांनी सर्व काही मोफत द्यावे, एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही; आपल्या संस्थांचे वाण संरक्षित नसतील तर ते अन्य देशांत कोणीही लावू शकतो. बौद्धिक संपदेचे संरक्षण हे येथे गैर नाही. संरक्षण घेतल्यानंतर दिंडोरीच्या शेतकऱ्यास तो वाण कोणत्या अटीवर मिळणार, हे संरक्षण घेतानाच लिहिले जाते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

महाविद्यालयातील शोधकर्ता

या सर्व चर्चेचा महाविद्यालयीन प्राध्यापकाशी संबंध कोठे येतो? त्यास मिळणारे अनुदान लघुसंशोधन प्रकल्पाचे असते, पुणे विद्यापीठात एके काळी ते बीसीयूडीमार्फत मिळे. त्या रकमेतून लस निघत नाही. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत आंतरराष्ट्रीय पेटंटसाठी १० आणि राष्ट्रीय पेटंटसाठी ७ गुण ठेवल्यापासून पेटंट ही महाविद्यालयाच्या कार्यालयातील फायलीची बाब झाली. २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली. ही सवलत योग्यच होती. मात्र गुण पेटंटला आहेत, पेटंटच्या वापराला नाहीत. परिणामी वस्तूच्या बाह्य आकाराची नोंदणी आणि शोधाचे पेटंट यांतील भेद न जाणता दोन्ही एकाच रकान्यात भरले जातात, आणि एकाच अर्जावर इतकी नावे येतात की प्रत्येकाने नेमके काय शोधले असा प्रश्न पडावा. निफाडच्या गव्हावर एकही नाव नाही आणि या अर्जांवर नावांची दाटी. दोन्ही ठिकाणी कोणी काय केले याची नोंद नसते.

विद्यार्थ्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधिकेसाठी केलेल्या कामातून शोध निघाला तर कायद्याच्या दृष्टीने तोही खरा शोधकर्ता असू शकतो. तो पगारी नोकर नाही. त्यामुळे नोकरीच्या करारातून त्याची मालकी संस्थेकडे जात नाही. मार्गदर्शकाने त्याचे नाव लावणे हे औदार्य नव्हे, कायदेशीर कर्तव्य होय. हे कर्तव्य पाळले जाते की नाही हे तपासण्यासाठी प्रयोगवहीवर तारीख आणि सही असणे पुरेसे असते. बहुतेक प्रयोगशाळांत तेवढेही नसते.

विधेयकातील प्रकाशनबंदीची अडचण प्राध्यापकास सर्वांत जवळची. शोधनिबंध छापला की शोधाचे नावीन्य जाते. निबंध नसेल तर पदोन्नती अडते. कायद्यात यावर वाट आहे. कलम ९ प्रमाणे तात्पुरते विनिर्देश दाखल करून निबंध प्रसिद्ध करता येतो आणि बारा महिन्यांत पूर्ण विनिर्देश देता येतात. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठीही कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची मर्यादित सवलत आहे, पण तिच्यावर विसंबणे धोक्याचे. परदेशांत ती सर्वत्र मानली जात नाही. ही माहिती देण्यासाठी दंडाच्या तरतुदीची आवश्यकता नव्हती. प्रत्येक विद्यापीठात एक जाणकार कार्यालय पुरले असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने नवोपक्रमासाठी स्वतंत्र मंडळ दिले आहे. संलग्न महाविद्यालयातील एकट्या प्राध्यापकापर्यंत त्याचे साहाय्य कितपत पोहोचते, यावर त्याचे मूल्यमापन व्हावे.

पेटंट मिळाल्यानंतर तो प्रत्यक्ष वापरात आहे की नाही याचे निवेदन कलम १४६ नुसार पेटंट कार्यालयास द्यावे लागते. २०२४ च्या सुधारित नियमांनी ते दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा केले. शासकीय अनुदानातून मिळालेल्या पेटंटसाठी हेच निवेदन निधी देणाऱ्या यंत्रणेकडेही जावे आणि ते लोकांना पाहता यावे, असा नियम करण्यास नव्या विधेयकाची गरज नाही. अनुदानाच्या मंजुरीपत्रात एक अट वाढवली तरी भागेल. सध्या त्या पत्रासोबत येणाऱ्या कागदांत उपयोगिता प्रमाणपत्र असते. ते सनदी लेखापालाने प्रमाणित केलेले लागते. त्यात रसायनांवर किती, प्रवासावर किती आणि आकस्मिक खर्चावर किती, हे रुपयांत लिहिलेले असते. शोधाच्या उपयोगासाठी त्यात रकाना नाही.